देवगिरीचा तट पाहताना

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारा जुना रस्ता, साधारण 15 किलोमीटरवर, दौलताबादजवळ एका दगडी कमानीतून जातो. कमानीच्या दोन्ही बाजूंना झाडोऱ्यात शिरणारी भिंत म्हणजे अंबरकोट, देवगिरी ऊर्फ दौलताबाद किल्ल्याचा सर्वांत बाहेरचा तट. म्हणजे तिकीट काढण्याआधीच आपण किल्ल्याच्या हद्दीत आलेलो असतो.

आत महाकोट, आणि डोंगराच्या आणखी जवळ कालाकोट. राजधानी 12व्या शतकात यादवांची. तटांचं काम मात्र पुढच्या सत्तांनीही चालू ठेवलं. म्हणून घडीव दगडांच्या ओळीत मधेच एखादा कोरीव दगड दिसतो, जुन्या देवळाचा.

महाकोटाच्या दरवाजात थांबाच. फळ्यांवरचे अणकुचीदार लोखंडी खिळे हत्तीसाठी: त्याने डोकं टेकवून दार रेटू नये म्हणून. आत शिरलं की पुढचा दरवाजा समोर येत नाही, वाट वळते. ओंडका घेऊन धावत यायला सरळ जागाच उरत नाही, आणि वळणावर अडकलेल्यांवर वरून मारा होतो. वरच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, खालून नुसत्या फटी वाटतात. जिथे वर जायला परवानगी असेल तिथे आतून डोळा लावा. तटाच्या पायथ्याकडे तिरकी उतरणारी जंगी लगेच ओळखू येते. फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, कठडा ढासळलेला असेल तिथे कडेला उभं राहून सेल्फी नको. पिंपळाची मुळं सांध्यांत शिरून दगड सुटे करतात, आणि ते वरून कळत नाही.

1633 साली मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला, तेव्हा तटाखाली सुरुंग उडवावे लागले. आतली रसद संपली, ते वेगळंच.

तट ओलांडला तरी डोंगर हाती येत नव्हता. पायथ्याचा कातळ उभा तासलेला, भोवती कातळातच खोदलेला खंदक, आणि पलीकडे नेणारा एकच अरुंद पूल. त्यापुढे ‘अंधारी’ नावाचा, कातळातला वळणावळणाचा जिना. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक पाय हमखास चुकतो. डोक्याला बांधायचा टॉर्च न्या, हात मोकळे राहतील. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास येतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इथूनच परतावं.

डोंगरावरच्या बारादरी या महालापर्यंत जाऊन परत यायला, तट नीट पाहिला तर, तीन तास धरा. बरेच जण आधी वेरूळ करतात आणि दुपारी इथे पोचतात, तोवर कातळ तापलेला असतो. आधी किल्ला, मग लेणी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याच्या चपला घसरतात, म्हणून खाचांचे बूट. पाणी माणशी दोन लिटर. खाऊ मात्र पिशवीबाहेर काढू नका, तटावर माकडं असतात.