गेली ती!

नमस्कार श्रोतेहो.

"बाँस्वार, एल ए पार्ती!"

हे वाक्य फ्रेंच आहे. अर्थ असा की, "शुभ संध्याकाळ, गेली ती!" कॅनडातल्या मॉन्ट्रियल एक्स्पोज नावाच्या बेसबॉल टीमच्या एखाद्या खेळाडूनं चेंडू थेट कुंपणापलीकडे भिरकावला, आपल्या भाषेत षटकार ठोकला, की समालोचक रॉजर ब्र्यूलॉत हे वाक्य ओरडायचे. गेली कोण? चेंडू. फ्रेंचमध्ये चेंडू स्त्रीलिंगी असतो. आमच्या घरी मग आम्ही मराठीतही तसंच ओरडायला लागलो, "गेली, गेली, गेली!" आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अरे, शेजारी काय म्हणतील!"

त्या टीमबद्दल आज बोलायचं आहे. ती टीम आता नाही.

१९७८ साली बाबांना मॉन्ट्रियलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून तिकडे गेलो. मी सात वर्षांची होते. आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, क्यूबेक प्रांतानं भाषेचा कायदा केला होता. बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच जायचं. त्यामुळे मला फ्रेंच शाळेत घातलं, आणि पहिले कित्येक महिने मी वर्गात गप्प बसून काढले. बाबांचं फ्रेंच माझ्याहून यथातथाच होतं. त्यांनी एक छोटा रेडिओ घेतला होता, तो खरं तर उद्या बर्फ किती पडणार हे ऐकण्यासाठी. बर्फ वितळलं आणि त्या रेडिओवर जाक दुसे यांचा आवाज लागला. १९७२ पासून २००४ पर्यंत फ्रेंच रेडिओवर एक्स्पोजचा खेळ सांगणारा तो माणूस. शांत, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलणारा. बाबा ऐकत बसले. कळत काहीच नव्हतं, पण ते उठेनात.

बाबा बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलेले. गोलंदाज, यष्टिरक्षक, पायचीत, चोरटी धाव हे शब्द रेडिओतून कानावर पडता पडता क्रिकेट मराठी झालं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. मला म्हणाले, "बघ बाळ, पंडितांनी केलं तेच हा माणूस करतोय. खेळ अमेरिकेचा, शब्द मात्र घरचे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली, खाकी कव्हर घातलं आणि पानावर तीन रकाने आखले. फ्रेंच, इंग्रजी, मराठी. रेडिओवर शब्द आला की मी फ्रेंच उच्चार लिहायचा, इंग्रजी शब्द बाबांनी ऑफिसात विचारून आणायचा, आणि मराठी शब्द दोघांनी मिळून ठरवायचा. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पाडता फेकतात, म्हणून बाबांना 'गोलंदाज' पटेना. मग आमचा शब्द झाला 'फेकंदाज'. अटलांटाच्या फिल निक्रोचा चेंडू हवेत गिरकी न घेता लडबडत यायचा, आता इकडे, आता तिकडे. इंग्रजीत त्याला नकलबॉल म्हणतात. रेडिओवर त्याचं नाव होतं 'बाल पापियाँ', फुलपाखरू चेंडू. मी तो शब्द वहीत लिहिला आणि शेजारी पेन्सिलीनं एक फुलपाखरू काढलं. ते अजून आहे, थोडं पुसट झालंय.

आणि आमच्या टीमचा टिम रेन्स! फेकंदाजाचं लक्ष चुकवून एका तळावरून, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यावरून, पुढच्या तळावर धूम ठोकायची, याला तिकडे तळ चोरणं म्हणतात. बाबांनी क्षणाचाही विचार न करता मराठी रकान्यात लिहिलं, 'चोरटी धाव'. १९८१ साली रेन्सनं पहिल्याच पूर्ण मोसमात ८८ सामन्यांत ७१ तळ चोरले. शाळेच्या मैदानावर आम्ही सगळी मुलं रेन्स व्हायचो. मी पहिल्यांदा वर्गात मोठ्यानं फ्रेंच बोलले ते त्याच्याबद्दल. कोणीतरी त्याचा आकडा चुकीचा सांगितला आणि मला गप्प बसवलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक फ्रेंच आजी राहायच्या. टीमचा आधीचा इतिहास मला त्यांनी सांगितला. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनावरून, 'एक्स्पो ६७' वरून, टीमचं नाव पडलं. १९६९ मध्ये टीम सुरू झाली, मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्पर्धेतली अमेरिकेबाहेरची पहिली. जॅरी पार्क नावाचं लहानसं मैदान होतं. उजव्या कुंपणापलीकडे सार्वजनिक पोहण्याचा तलाव, आणि लांबचा षटकार बसला की चेंडू तलावात. रस्टी स्टॉब नावाचा तांबड्या केसांचा न्यू ऑर्लिन्सचा खेळाडू आला आणि लोकांसाठी फ्रेंच शिकला. लोकांनी त्याला 'ल ग्राँ ऑराँज' केलं, थोरला नारिंगी. आजी हे सांगताना आपल्या केसांवरून हात फिरवायच्या. त्याच्याही आधी, १९४६ साली, जॅकी रॉबिन्सन मॉन्ट्रियलच्या रॉयल्स टीममधून खेळला होता. पुढच्या वर्षी ब्रुकलिनला जाऊन त्यानं मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. रॉयल्सनं मोसमाचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा गोऱ्या लोकांचा जमाव एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या मागे धावला, तो त्याला खांद्यावर घेण्यासाठी. हे सांगताना आजींचा आवाज बदलायचा. आपल्या गावानं एकदा तरी काहीतरी चांगलं केलं, हे त्यांना मला, परक्या देशातून आलेल्या मुलीला, सांगायचं असायचं.

आता १९ ऑक्टोबर १९८१. अंतिम फेरीला एक विजय कमी. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. सामना खरा रविवारचा, पण पावसानं सोमवारवर गेला. मी शाळेतून पळत घरी आले तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. बाबा त्या दिवशी कामावरून लवकर आले होते, पुण्यात कसोटीच्या दिवशी यायचे तसेच. नववा, म्हणजे शेवटचा डाव. आमचा सर्वात भरवशाचा फेकंदाज स्टीव्ह रॉजर्स खास आणला होता. दोन खेळाडू बाद झाले होते. आणि डॉजर्सच्या रिक मंडेनं चेंडू मधल्या कुंपणापलीकडे पाठवला. बाबांच्या पेन्सिलीचं टोक वहीत मोडलं. त्या पानावर आजही एक काळा ठिपका आहे आणि पुढे काही लिहिलेलं नाही. खेळाडूचं आडनाव मंडे, वार सोमवार. मॉन्ट्रियलमध्ये त्या दिवसाला आजही 'ब्लू मंडे' म्हणतात. तिथल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, त्या क्षणी तो कुठे होता हे तो सांगेल.

हरण्याचं दुःख माणूस पचवतो. १९९४ चं मात्र मला अजून पचलेलं नाही.

त्या वर्षी एक्स्पोज ७४ सामने जिंकले आणि ४० हरले. सगळ्या लीगमध्ये सर्वोत्तम. खेळाडूंच्या पगारावर खर्च मात्र जवळजवळ सगळ्यांत कमी. प्रशिक्षक फेलिपे अलू, टीममध्ये त्यांचा मुलगा मोइझेस, कॅनडाचाच लॅरी वॉकर, आणि २२ वर्षांचा, किरकोळ अंगाचा पेड्रो मार्टिनेझ, ज्याचा चेंडू डोळ्यांना दिसायचा नाही. शेवटच्या २३ सामन्यांतले २० आम्ही जिंकलो होतो. मालकांना पगारांवर कमाल मर्यादा घालायची होती, खेळाडूंना ती मान्य नव्हती. १२ ऑगस्टला संप सुरू झाला. १४ सप्टेंबरला उरलेला मोसम आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, दोन्ही रद्द झालं. वर्ल्ड सिरीज झाली नाही ती १९०४ नंतर पहिल्यांदाच. हरलो नाही, हरवलं नाही, डाव अर्धवट टाकून दिवे मालवले. पुढच्या एप्रिलमध्ये काही दिवसांत मार्की ग्रिसम, केन हिल, जॉन वेटलंड यांना दुसऱ्या टीमांना देऊन टाकलं आणि वॉकरही गेला. पेड्रो १९९७ पर्यंत राहिला, मग बॉस्टनला गेला. आजींनी त्या वसंतात रेडिओ लावलाच नाही. आम्ही खाली आवाज ऐकायला टपून असायचो, पण घर गप्प.

आठवणींच्या मैफलीत कोणी फारसं सांगत नाही ते सांगते. नंतर आम्ही लोकही जाईनासे झालो. जॅरी पार्कनंतरचं आमचं ऑलिंपिक स्टेडियम अवाढव्य, कोंदट, आत पाऊल टाकलं की काँक्रीटचा थंड वास. १९९१ मध्ये तर तिथली ५५ टनांची तुळई कोसळली होती. पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचे, तिकिटांचे पैसे यायचे घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये. २००० साली इंग्रजी रेडिओवर समालोचनसुद्धा मिळालं नाही. फ्रेंच आवाज तेवढा चालू राहिला. अखेरच्या वर्षी, २००४ मध्ये, सरासरी दहा हजार माणसंही येत नव्हती. मी तेव्हा टोरांटोत नोकरी करत होते आणि वर्षातून एखादा सामना पाहत होते. आज जे सगळे हळहळतात ते तेव्हा रोज आले असते तर, हा विचार मला सोडत नाही, आणि त्या सगळ्यांत मीही आहे.

२९ सप्टेंबर २००४. टीम वॉशिंग्टनला जाणार अशी घोषणा त्याच दिवशी झाली आणि त्याच रात्री घरचा शेवटचा सामना होता. बाबांना घेऊन मी मेट्रोनं पी-नफ स्टेशनला उतरले, तिथून आतल्या आतच स्टेडियमला वाट आहे. बाबांच्या डोक्यावर जुनी तिरंगी टोपी, निळी, पांढरी, लाल. खिशात रेडिओ, कानात एकच इअरफोन, दुसऱ्या कानानं ते आजूबाजूच्या लोकांना ऐकत होते. आईनं डब्यात भडंग दिलं होतं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला बाबांनी मूठभर दिलं, त्यानं ते कागदी पेल्यात घेतलं आणि नऊ डाव एकेक दाणा करून खाल्लं. ३१,३९५ माणसं आली होती. आम्ही ९-१ असे हरलो. संपल्यावर कोणी उठेना. बाबांनी वही उघडली, धावफलक पूर्ण केला, तारीख घातली, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मला म्हणाले, "एल ए पार्ती."

फ्रेंचमध्ये टीमही स्त्रीलिंगी असते. मराठीतही.

लोक म्हणतात, टीम कुठे गेली, ती वॉशिंग्टनला आहेच की, नॅशनल्स या नावानं. कागदोपत्री खरं आहे. २०१९ मध्ये नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा मला दोन-चार अभिनंदनाचे फोनही आले. मी आभार मानले, पण ते अभिनंदन माझं नव्हतं. घराण्याचा वाडा विकला गेला, नव्या मालकानं तिथे सुंदर इमारत बांधली, आणि कोणी येऊन म्हणावं, वा, तुमचा वाडा किती छान झाला! माझी टीम त्या खाकी वहीत आहे, आणि त्या लोकांपाशी, जे आजही गॅरी कार्टरचं नाव निघालं की १९९२ चा सप्टेंबर सांगतात. कार्टर आमचा यष्टिरक्षक, टोपणनाव 'किड'. १९८४ नंतर त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं होतं. निवृत्त होण्यासाठी तो आमच्याकडे परत आला. मॉन्ट्रियलमध्ये शेवटचा फटका मारला तो उजव्या मैदानात उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला, आणि तो क्षेत्ररक्षक होता आंद्रे डॉसन, त्याचा जुना सोबती, आता शिकागोच्या कपड्यांत. त्या एका धावेवर सामना १-० असा जिंकला. कार्टर २०१२ मध्ये मेंदूच्या कर्करोगानं गेला. २०१४ च्या मार्चमध्ये त्याच ओसाड स्टेडियमवर टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या टीमचे दोन सराव सामने ठेवले तर ९६ हजारांहून जास्त लोक आले. कार्टरच्या पत्नी मैदानात आल्या तेव्हा सगळे उभे राहिले. बाबा त्याआधीच गेले होते. मी आणि आई तोवर पुण्याला परतलो होतो. आजींची भाची मला फोनवर तो आवाज ऐकवत होती, आणि फोनमधून नुसती एक गाज येत होती.

आणखी एक सकाळ सांगते आणि थांबते. २८ मार्च २०१८, पुण्यात सकाळ, मॉन्ट्रियलमध्ये आदल्या दिवसाची रात्र. तिथे पुन्हा तसाच सराव सामना. शेवटचा डाव, ०-० अशी बरोबरी. फलंदाजीला १९ वर्षांचा व्लादिमिर गुरेरो, धाकटा. थोरला गुरेरो आमचा, एक्स्पोजचा, पाठीवर २७ नंबर. हा मुलगा मॉन्ट्रियलमध्येच जन्मलेला. लहानपणी एक्स्पोजचा छोटा गणवेश घालून वडिलांशेजारी मैदानात उभा असलेला त्याचा फोटो मॉन्ट्रियलकरांना पाठ आहे. आता तो टोरांटोचा, पण पाठीवर नंबर तोच, २७. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता. चेंडू डाव्या बाजूला उंच उडाला, उंच, अजून उंच, कुंपणापलीकडे.

"गेली! गेली! गेली!" मी ओरडले.

दूध उतू गेलं. आई आतल्या खोलीतून काठी टेकत लगबगीनं आली, चष्मा कपाळावर, चेहरा घाबरलेला.

"अगं, कोण गेली?"

मी तिला फोन दाखवला. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, त्या पोराला तळांवरून धावताना पाहिलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "वही काढ."