करवंटीचा कोळसा आणि पाण्यातलं शिसं

हे जे ढीग दिसतायत ना, ह्या सगळ्या करवंट्या. कोकणात ह्या बंबाखाली जातात, चुलीत जातात, कुणी डाव करतं, बाकीच्या परसात पडून. पण हीच करवंटी नीट जाळली तर पाण्यातलं शिसं धरून ठेवते. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जातं हो, पाण्याला ना रंग ना वास ना चव, कळणार कसं? आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलीग्रॅम एवढीच मर्यादा आहे. उकळून पण जात नाही, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.

आता जाळायची कशी, तर हवा कोंडून, खड्ड्यात नाहीतर बंद पिंपात. हवा मोकळी मिळाली की राख, संपलं. कोंडून जाळली की काळाकुळकुळीत कोळसा, मग त्यावर साधारण ९०० अंशाला वाफ सोडतात, ती त्याला आतून कोरत जाते, इतकी बारीक छिद्रं पडतात की १ ग्रॅम कोळशाच्या आतली जागा १००० चौरस मीटरच्या आसपास भरते. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे चिमूटभर भुकटीत साडेसातच्या वर मैदानं! हे सांगताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पण नुसती जागा असून भागत नाही. शिसं पाण्यात धन भाराचं असतं आणि कोळशाच्या अंगावर जे ऑक्सिजनवाले अणूंचे गट असतात ते त्याला पकडतात, म्हणून कोळसा कधीकधी नायट्रिक ॲसिडने धुऊन घेतात, ते गट वाढावेत म्हणून. अमेरिकेत फ्लिंट शहरात २०१४ ला पाण्याचा सोर्स बदलला आणि जुन्या पाइपांतलं शिसं घराघरात आलं, तेव्हा लोकांना नळाला लावायला फिल्टर दिले ते दाबून घट्ट केलेल्या कार्बनचेच, म्हणजे असल्याच कोळशाचे.

क्रोमियमचं मात्र वेगळंय. कानपूरच्या बाजूला, चामड्याच्या उद्योगामुळे जे विषारी क्रोमियम जमिनीत मुरलंय ते पाण्यात ऋण भाराचं असतं. कोळसा त्यालाही धरतो, त्यातलं काही कमी विषारी पण करतो, पण पाणी चांगलं आंबट असेल तर. लॅबमध्ये ॲसिड टाकून पीएच (पाणी किती आंबट त्याचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) २-३ वर आणतात, बोअरचं पाणी असतं ७ च्या आसपास. म्हणून ‘उसाच्या चिपाडाने सगळं क्रोमियम गेलं’ अशी बातमी वाचली की आधी पीएच बघा.

आणि चुलीतला कोळसा माठात टाकून पाणी शुद्ध झालं असं कृपा करून समजू नका.

अजून एक, फिल्टरमधला कार्बन भरतो. भरला तरी पाण्याची चव तीच लागते, म्हणून बदलायची तारीख त्यावरच लिहून ठेवा. आणि काढलेला कार्बन परसात केळीच्या बुंध्याशी ओतू नका, त्यात धरलेलं शिसं आहे.