विहिरीतला दम समुद्रात चालत नाही

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक शेत, दुपार, विहिरीच्या काठावर पोट्ट्यांची गर्दी)

एप्रिल महिना, पारा ४४च्या वर, पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं झालंय आणि गावातली सगळी पोट्टी विहिरीवर. शर्यत एकच, तळाची माती मुठीत घेऊन कोण येतो आणि जास्त वेळ खाली कोण राहतो. पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली ही मुलं, पाण्याची भीती यांना माहीतच नाही.

पुढे यातलाच कुणी कृषी केंद्र टाकतो, बियाण्याचं टार्गेट पूर्ण झालं की कंपनी सगळ्या डीलर लोकांना घेऊन निघते, बँकॉक, पट्टाया, बाली. कुणी लग्न झाल्यावर मालदीवला जातो. तिथं बोटीवर कुणीतरी विचारतं, स्कूबा (म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून समुद्रात खाली जाणं) करणार का, पोहता येतं का? आणि आपला भाऊ म्हणतो, "आमी हिरीत पोहून मोठे झालो बाप्पा, आमाले काय विचारता!"

मला काळजी वाटते ती याच भावाची. घाबरणारा माणूस निदान इन्स्ट्रक्टर काय सांगतो ते ऐकतो तरी.

(दृश्य: विहिरीत सूर मारणारा मुलगा, मग निळ्या पाण्यात सिलिंडर लावलेला डायव्हर)

विहिरीत काय होतं बघा. तुम्ही काठावर छाती भरून हवा घेता, खाली जाता, तिथं पाण्याच्या दाबाने ती हवा आकसते, वर आलात की परत होती तेवढी होते, संपला विषय. सिलिंडरचं तसं नाही. समुद्रात १० मीटरवर दाब बरोबर दुप्पट असतो आणि तोंडातलं रेग्युलेटर तुम्हाला त्याच दाबाची हवा देतं, म्हणजे छातीत नेहमीच्या दुप्पट हवा भरलेली. आता तिथं घाबरून दम धरला आणि पाय मारत वर आलात तर ती हवा फुगून दुप्पट व्हायला बघते, छातीत तर तेवढी जागाच नाही, फुफ्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत जाऊ शकते. आणि याला १० मीटर कशाला पाहिजेत, छाती पूर्ण भरलेली असेल तर चार-साडेचार फूटही पुरतात. म्हणून जगभर स्कूबाचा पहिला नियम हाच आहे, श्वास चालू ठेवा, कधीच रोखू नका. रेग्युलेटर तोंडातून निघालं तरी ओठातून बारीक बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

आपल्या पोट्ट्यांची सवय नेमकी उलटी आहे. गडबड झाली की दम धर आणि वर पळ, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ते एका दिवसाच्या ट्रेनिंगने जात नाही, त्यामुळे समुद्रात उतरायच्या आधी स्विमिंग पूलमध्ये जे प्रॅक्टिस करवून घेतील त्यांच्याकडेच जा, बोटीवर दहा मिनिटं समजावून थेट पाण्यात ढकलणारे असतील तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.

कानाचंही तसंच. विहिरीत कान दुखला तर आपण सहन करतो. इथं दर मीटरला, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हळूच नाकात हवा दाबायची, कान मोकळा झाला की पुढे. नाही झाला तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, परत करून बघा. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्हिंग बंद, गोळी खाऊनही नको, कारण गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना त्रास होतो. आणि हो, पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मस्त चाललंय" नाही, "मला वर जायचंय". सगळं ठीक आहे हे सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

(दृश्य: टेबलावर मेडिकल फॉर्म, त्यावर पेन)

हा फॉर्म सगळेजण न वाचताच "नाही, नाही, नाही" टिक करून टाकतात. दमा, फिट, हार्टचा त्रास, प्रेग्नन्सी, सगळं विचारलेलं असतं. पण आपल्या विदर्भासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, सिकलसेल. आपल्याकडे गावोगावी याची तपासणी होते, अनेकांकडे कार्ड आहे. सिकलसेलचा आजार असेल तर डायव्हिंग करायचं नाही, शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या लाल पेशी आकार बदलून रक्तवाहिन्या तुंबवतात. तुम्ही नुसते वाहक असाल तरी इथूनच डॉक्टरला विचारून जा, तिथं बोटीवर कुणी सांगणार नाही.

सिलिंडरचा काटा स्वतः बघा. सिलिंडर भरलेलं असेल तर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाखवतो. काट्याकडे बघत तीन-चार श्वास घ्या, काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर समजा व्हॉल्व पूर्ण उघडलेला नाही, तिथल्या तिथे सांगा. हवेला तेलाचा वास आला तर सिलिंडर बदलून मागा. आणि ५० बार शिल्लक असताना तुम्ही वर पोचलेले पाहिजेत, वर निघायची वेळ नाही ती.

पहिल्यांदाच, कोर्स न करता जाणाऱ्याने १२ मीटरच्या खाली जायचं नाही, बेसिक सर्टिफिकेट असेल तर १८. मालदीवमध्ये तर कितीही अनुभवी असा, ३० मीटरच्या खाली जायला कायद्यानेच बंदी आहे.

जागाही बघून घ्या. बालीला नुसा पेनिडाजवळ पाण्याला इतकी ओढ असते की ती माणसाला खालीसुद्धा खेचते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथं ७ जपानी महिला डायव्हिंगला गेल्या, हवामान बिघडलं, बोट आणि त्यांची चुकामूक झाली, ५ जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या, दोघी गेल्या. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर तर बोटवाल्यांनी नीट मोजलंच नाही, एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं, हे लक्षात आलं दोन दिवसांनी, ते दोघं कधीच सापडले नाहीत. म्हणून बोटीवर उतरताना-चढताना नाव घेऊन मोजतात का बघा, शिट्टी आणि बोटवाल्याला लांबून दिसावं म्हणून फुगवायची केशरी नळी जॅकेटला आहे का विचारा, लाज कशाची.

(दृश्य: टूरचं वेळापत्रक, शेवटच्या दिवसावर बोट)

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. टूरवाले शेवटच्या दिवशी सकाळी बेट-समुद्र ठेवतात आणि रात्री फ्लाइट. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि विमानात दाब कमी झाला की गोटी सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. एकच डाइव्ह केली असेल तर विमानात बसायच्या आधी कमीत कमी १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास जाऊ द्यायचे. ग्रुप बुक होतानाच एजंटला सांगा की समुद्र आधी घ्या, मंदिरं-मार्केट शेवटी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा कव्हर आहे का तेही तेव्हाच विचारा, बऱ्याच पॉलिसीत नसतं.

पाण्यातून वर आल्यावर पहिल्या २४ तासांत सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, एखादा पाय जड पडला, तर प्रवासाचा थकवा समजून झोपू नका. ऑक्सिजन लागतो, मोठ्या दाबाच्या चेंबरची गरज पडू शकते. गावी पोचल्यावर असं झालं तर तालुक्याचा डॉक्टर अंगदुखीची गोळी देईल, त्याचाही दोष नाही, त्याला समुद्र कुठून आठवणार. खुर्चीवर बसल्या बसल्या तुम्हीच सांगायचं, डॉक्टरसाहेब, मी काल स्कूबा केलंय, इतके मीटर, इतक्या वाजता, आणि इतक्या वाजता विमानात बसलो.