टिंब भारत

(भांडी बाजार, सकाळ. तांब्यावर हातोडी.)

नाशिकच्या भांडी बाजारात आजही हंडा घेतला की विचारतात, ‘नाव घालायचं?’ मग सुई थरथरते, आणि तांब्यावर टिंबाटिंबानं आजीचं नाव उमटतं.

इथल्या एका दुकानाच्या मालकांना आता इंटरनेटवर नाव घालायचंय, म्हणजे वेबसाइटचा पत्ता घ्यायचाय. तोही मराठीत. इंग्रजी स्पेलिंगवर घरात एकमत नाही; थोरल्याला एक ‘ए’ हवा, धाकट्याला दोन.

(पंचवटी. लाल कापडात बांधलेली वही उलगडते.)

गाव सांगा, आडनाव सांगा. क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थावरचे भटजी, बरोबर तीच वही काढतात, आणि पान उलटता उलटता पणजोबांची सही निघते. कुठल्या गावाची वही कोणाच्या घरी, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं.

इंटरनेटवरही अशीच वाटणी आहे. सगळ्यांत वरच्या यादीला रूट झोन म्हणतात. तिथं आपल्या दुकानाचं नाव सापडणार नाही. पत्त्याच्या शेवटी जे असतं, त्या डॉट इनची वही कोणाकडे, डॉट भारतची कोणाकडे, एवढंच तिथं कळतं. पुढचं ज्याचं त्यानं आपल्या वहीत पाहायचं.

डॉट इन भारताच्या नावावर झालं १९८९ साली. बरीच वर्षं ही वही मुंबईत, एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे होती. नियम इतके कडक की २००४ संपेपर्यंत जेमतेम ७,००० नावं लागली. २००५च्या सुरुवातीला दार सगळ्यांसाठी उघडलं, आणि वही निक्सीकडे आली. निक्सी ही नफा न कमावणारी कंपनी, स्थापना २००३ची. तिचा नोंदणी विभाग म्हणजे इन रजिस्ट्री. सरकारी खात्यांची नावं मात्र एनआयसी हे सरकारी संगणक केंद्र देतं, विद्यापीठांची अर्नेट ही शिक्षणसंस्थांचं जाळं सांभाळणारी संस्था.

(दुकानाचा गल्ला. मुलीच्या हातात लॅपटॉप.)

गिऱ्हाइकानं रजिस्ट्रीच्या दारात जायचं नसतं. मधे रजिस्ट्रार असतो, रजिस्ट्रीनं मान्यता दिलेला. नाव मोकळं आहे का बघायचं, एक ते दहा वर्षांचे पैसे भरायचे, साइट कुठं ठेवलीय ते सांगणाऱ्या संगणकाचं, म्हणजे नेमसर्व्हरचं, नाव द्यायचं.

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी धरून आठ भाषांसाठी. दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून रस्त्यावर उतरणारे आपण, या पाटीसाठी मात्र कोणी ब्र काढत नाही.

(पडदा जवळून. इंग्रजी अक्षरांची रांग.)

हे नीट पाहा. आपण ‘भारत’ लिहितो, पण यंत्रणेला आतून इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. म्हणून ब्राउझर त्याचं करतो: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. निवेदकाची जीभ इथं तीनदा अडखळली. याला प्युनीकोड म्हणतात. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुदत टळली आणि पैसे भरायचे राहिले, तर नाव हातचं जातं. आणि मराठी अक्षरांतला ईमेल पत्ता अजून कित्येक ऑनलाइन फॉर्म घेत नाहीत.

(पुन्हा भांडी बाजार. नवा हंडा. सुई.)

नाव मिळालं. मालकांनी ते आधी हंड्यावर घालायला दिलंय. कारागीर चिठ्ठी वाचतात, थांबतात. सगळी अक्षरंच टिंबांची. मधलं हे एक टिंब वेगळं दिसणार कसं?

‘ते जरा मोठं काढा,’ मुलगी म्हणते.