आधी खाली बघा, सही कोणाची आहे

(इतिहास शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, एखादा जुना कागद हातात आला की तुमची नजर आधी कुठे जाते? हायस्कूलमधली मुलं पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि शेवटच्या ओळीला थांबतात. खाली नाव कोणाचं, तारीख कुठली, याकडे बहुतेकदा त्यांचं लक्षच जात नाही. सॅम वाइनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९१ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि आठ हुशार विद्यार्थी यांच्यापुढे त्यांनी एकाच घटनेविषयीचे तेच कागद ठेवले. त्या इतिहासकारांपैकी काहींचा अभ्यासाचा काळ अगदीच वेगळा होता. तरी कागद हातात येताच ते आधी खाली बघत: लिहिणारा कोण, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं? मुलांना घटना ठाऊक होती, पण ही सवय नव्हती. सवय म्हटल्यावर माझी आशा वाढते, कारण सवय लावता येते.

ती घटना मीही वर्गात घेतो. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर ब्रिटिश सैनिक आणि गावकऱ्यांची सशस्त्र तुकडी समोरासमोर आली. गोळ्या सुटल्या, तुकडीतले आठ जण मेले आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. पहिली गोळी कोणी झाडली, हे आजवर ठरलेलं नाही. मला हेच हवं असतं. याचं उत्तर शिक्षकाकडेही नाही, हे कळलं की मुलं पुढे सरसावून बसतात.

मी दोनच कागद वाटतो. पहिला तुकडीचा कप्तान जॉन पार्कर याचा, २५ एप्रिलचा, शपथेवर दिलेला जबाब. आपण माणसांना पांगायला सांगितलं होतं, गोळी झाडू नका म्हणून बजावलं होतं. तरी सैनिक त्वेषाने चालून आले आणि काहीही कुरापत नसताना त्यांनी आमचे आठ जण मारले, असं तो म्हणतो. दुसरा कागद जॉन बार्कर या ब्रिटिश लेफ्टनंटच्या रोजनिशीतला. तो लिहितो, आम्ही जवळ जाताच त्यांनी एक-दोन गोळ्या झाडल्या, मग आमचे लोक हुकुमाची वाट न पाहता त्यांच्यावर धावून गेले.

वर्गात लगेच दोन तट पडतात. शपथेवर सांगितलंय म्हणजे खरंच, असं काहींना वाटतं. मग मी सांगतो, की असे जबाब वसाहतीच्या नेत्यांनी मुद्दाम गोळा केले, घाईने जहाजातून लंडनला धाडले, आणि ब्रिटिश सेनापती गेज याचा अहवाल पोचण्याआधी ते तिथे पोचले. हे ऐकल्यावर मुलं पार्करचा जबाब पुन्हा वाचतात. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पहिली काही वर्षं मी इथेच थांबत असे. मुलं शंका घ्यायला लागली, आपलं काम झालं, असं मला मनापासून वाटायचं. एकदा तास संपता संपता एक मुलगी वही मिटत म्हणाली, "म्हणजे सगळे आपापल्या सोयीचंच सांगतात ना सर? मग वाचायचं तरी कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानणारी मुलगी मी घेतली होती, आणि कशावरच विश्वास न ठेवणारी परत केली होती. दोन्हींत विचार करण्याचे कष्ट वाचतातच.

तेव्हापासून मी पुढचा प्रश्न टाळत नाही. या कागदात असं काय आहे, जे लिहून लिहिणाऱ्याचा काहीच फायदा नव्हता? मुलं बार्करच्या चार ओळी पुन्हा चाळतात आणि कोणाचं तरी बोट थांबतं: हुकुमाची वाट न पाहता. पुढे तो असंही लिहितो, की आमचे लोक इतके बेभान झाले होते की त्यांना हुकूमच ऐकू येत नव्हते. एक अधिकारी आपल्याच सैन्याचं हे लिहितोय! आणि सैनिक त्वेषाने आले, असं पलीकडून पार्करही सांगतोय. हाडवैरी या एका जागी जुळतात. उभं राहायला एवढी जमीन मिळाली. पार्करचा जबाबही फेकून द्यायचा नसतो. मैदानात काय घडलं याचा तो डळमळीत पुरावा असेल, पण लंडनने काय मानावं अशी वसाहतीची इच्छा होती, याचा तो पक्का पुरावा आहे.

छायाचित्रांनाही हेच लागू. रॉजर फेंटन याने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात एका ओसाड घळीचे एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरलेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आणि गोळे कडेला. आधीचा कुठला? मुलं लगेच फेंटनच्या मनात शिरतात: सनसनाटीसाठी त्याने गोळे रस्त्यावर मांडले असतील, किंवा सैनिकांनी नंतर उचलून नेले असतील. मी म्हणतो, मन राहू द्या, उतारावरचे बारके दगड बघा. गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत काही दगड थोडे खाली सरकलेले दिसतात. दगड आपणहून चढ चढत नाहीत, म्हणजे तो फोटो नंतरचा. ते गोळे रस्त्यावर कोणी आणले, हे मात्र दगड सांगत नाहीत. तिथे मुलांना थांबवणं फार अवघड असतं, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, हे तुम्ही विचारणार. प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही, आणि माहितीशिवाय विचार करता येतो असंही मी म्हणत नाही. एका सत्रात असे दोन तास पुरतात. पण परीक्षेत नुसती सनावळी विचारली, तर मुलं ते दोन तास विसरतील. म्हणून मी प्रश्नपत्रिकेत अनोळखी उतारा देतो, खाली नाव आणि तारीख.

लेक्सिंग्टनवर गेल्या वेळी एका मुलाने लिहिलं: "पहिली गोळी कोणाची ते सांगता येत नाही. सैनिक अधिकाऱ्यांच्या हाताबाहेर गेले होते हे सांगता येतं, कारण त्यांचाच अधिकारी तसं म्हणतो. पण बार्करने ही रोजनिशी कोणाला दाखवायला लिहिली होती का, ते मला आधी बघावं लागेल."