दर दोन तासांनी कूस

(पडद्यावर : रात्रीचा वॉर्ड. एकच मंद दिवा. भिंतीवर घड्याळ.)

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की घरातलं आणखी एक माणूस त्याच्याबरोबर रात्र जागून काढतं. कूस बदलायची असते. ज्यांनी हे केलंय त्यांच्या हातांना ते पाठ असतं. आधी पाय उचलायचे, गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवायची, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. माकडहाडाजवळ बोट फिरवून बघायचं, कातडी लाल झालीय का. आणि दोन तासांनी पुन्हा पहिल्यापासून.

अपंगांची जगातली सगळ्यात मोठी क्रीडास्पर्धा, पॅरालिम्पिक, या कामातून जन्माला आली. स्टेडियम, ध्वज, पदकं हे सगळं नंतरचं.

माझे काका कोकणात आंबे उतरवताना झाडावरून पडले. कमरेखालचं सगळं गेलं. इस्पितळातून सोडताना घरच्यांना एवढंच सांगितलं, "घरी न्या, सेवा करा." सेवा कशी करायची, ते कुणी सांगितलं नाही. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि काही महिन्यांत काका गेले. घरात सगळे म्हणाले, सुटला बिचारा. ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून ही फिल्म.

(पडद्यावर : कोळशाच्या खाणीचं जुनं छायाचित्र.)

१९१७ साल. जर्मनीच्या सायलेशिया भागात, खाणकामगारांच्या एका इस्पितळात अठरा वर्षांचा एक मुलगा वॉर्डबॉयचं काम करत होता. नाव लुडविग गुटमान. पाठीचा मणका मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथे आणला गेला. त्याला प्लास्टरमध्ये घातलं, भोवती पडदे लावले. मुलगा त्याच्या नोंदी लिहायला बसला, तर वरचे डॉक्टर म्हणाले, फार लिहीत बसू नकोस, काही आठवड्यांचाच सोबती आहे. पाच आठवड्यांनी तो कामगार गेला. मोडलेल्या मणक्याने नाही, पडून पडून झालेल्या जखमांतून अंगभर पसरलेल्या विषाने.

तो मुलगा पुढे ब्रेस्लाऊ शहरातला नावाजलेला न्यूरोसर्जन झाला. धर्माने ज्यू. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्यांना सरकारी नोकरी सोडावी लागली. ते ज्यूंच्या इस्पितळात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री, ज्यूंची घरं-दुकानं फोडली जात होती तेव्हा, त्यांनी फर्मान काढलं, की दारात येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, अधिकारी आले. गुटमान एकेका खाटेपाशी थांबून कुठलं तरी दुखणं सांगत गेले. ६४ पैकी ६० जण वाचले.

मार्च १९३९ मध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन ते इंग्लंडला पोचले. मागे राहिलेल्या जर्मनीत त्याच वर्षी अपंगांना 'जगण्यास नालायक' ठरवून ठार मारण्याची सरकारी योजना सुरू झाली. गुटमानांनी पुढे जे उभं केलं, ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं. एका राज्यव्यवस्थेने ज्यांना जगायचा हक्कच नाकारला, त्यांच्यासाठी तिथूनच हाकललेला एक माणूस झगडत होता.

(पडद्यावर : स्टोक मँडव्हिल इस्पितळ, युद्धकाळातल्या बैठ्या बराकी.)

इंग्रज सरकार फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या तयारीत होतं. मणका मोडलेले जवान मोठ्या संख्येने परत येणार, हे उघड होतं. त्यांची जबाबदारी घ्यायला फारसं कुणी पुढे येत नव्हतं, कारण या रुग्णांना बरं करता येतं यावरच डॉक्टरांचा विश्वास नव्हता. गुटमानांनी हो म्हटलं, पण एका अटीवर. आपल्या पद्धतीत कुणी लुडबूड करायची नाही.

१ फेब्रुवारी १९४४ ला बकिंगहॅमशायरमधल्या एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात मणक्याच्या रुग्णांचं केंद्र सुरू झालं. पहिली आज्ञा होती कूस बदलण्याची. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची. प्लास्टर कापून टाकलं. लघवीच्या मार्गाचा संसर्ग होऊ नये म्हणून ते स्वतः जातीने लक्ष घालत. रात्री अचानक वॉर्डात उगवत, नर्सने खरंच कूस बदललीय का बघायला. परिचारिकांना ते सुरुवातीला नकोसे झाले होते. रुग्ण मात्र पुढे त्यांना 'पॉपा' म्हणू लागले.

माणसं जगू लागली आणि मग खरा प्रश्न पुढे आला. जगून करायचं काय? बाविशी-पंचविशीतली ही पोरं आढ्याकडे बघत पडून राहत. गुटमानांनी त्यांना कामाला लावलं. सुतारकाम, घड्याळं दुरुस्त करणं, टाइपिंग. आणि एके दिवशी गुटमानांना अंगणात गलका ऐकू आला.

काही रुग्ण व्हीलचेअरवर बसून, चालायच्या काठ्या उलट्या धरून, एक चकती टोलवत होते. डॉक्टर रागावले नाहीत. ते आणि व्यायामशिक्षक खुर्च्यांत बसले आणि त्यांच्याशी खेळले. खुर्चीत बसून वळणं, थांबणं, तोल सावरून हात उगारणं किती अवघड आहे, हे त्यांना त्या दिवशी अंगाने कळलं. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या दिवशी उपचार ठरवणारा माणूस स्वतः रुग्णाच्या उंचीवर येऊन बसला होता.

हा व्हीलचेअर पोलो फार धसमुसळा निघाला. तो बंद करून बास्केटबॉल आणला. आणि आला धनुर्विद्येचा खेळ. धनुष्य ओढायला दंड लागतो, खांदे लागतात, पाठीचा वरचा भाग लागतो. ज्याच्या कमरेखाली जाणीव नाही, त्याला इथूनच तर सगळं शरीर सावरायचं असतं. शिवाय बाण कुणी बसून मारला की उभं राहून, हे लक्ष्याला कळत नाही.

(पडद्यावर : इस्पितळाची हिरवळ. रांगेत व्हीलचेअर. धनुष्याची दोरी ताणली जाते.)

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जण धनुष्यबाण घेऊन बसले होते. १४ पुरुष आणि २ बाया. एक संघ इथला, दुसरा रिचमंडच्या माजी सैनिकांच्या 'स्टार अँड गार्टर' आश्रमाचा. रुग्णांना ने-आण करायला भेट मिळालेली एक खास बस त्या दिवशी ताब्यात आली, तेही निमित्त होतं. जिंकला पाहुण्यांचा संघ.

पुढच्याच वर्षी गुटमान म्हणाले, की एक दिवस ही स्पर्धा अपंगांचं ऑलिम्पिक होईल. स्पर्धकांची संख्या तेव्हा चाळिशीलाही पोचली नव्हती. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ती रोमला गेली, सुमारे ४०० खेळाडू, २३ देश. कागदोपत्री तिचं नाव तेव्हाही स्टोक मँडव्हिलची नववी आंतरराष्ट्रीय स्पर्धा असंच होतं. आज आपण तिला पहिलं पॅरालिम्पिक म्हणतो.

रोममधली राहायची जागा खांबांवर उभी होती, वर जायला जिने. इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. ब्रिटनच्या मार्गारेट मॉन धनुर्विद्येत उतरल्या होत्या. आदल्याच वर्षी आफ्रिकेत मोटार अपघातात त्यांचा मणका मोडला होता. स्पर्धा संपली आणि त्या परतीच्या बसमध्ये जाऊन बसल्या. लोक त्यांना शोधत आले. त्यांना सुवर्ण मिळालं होतं, ब्रिटनचं पहिलं, आणि त्यांना पत्ताच नव्हता! २०१२ मध्ये लंडन पॅरालिम्पिकची ज्योत पेटवायला याच मार्गारेट मॉन आल्या.

आता संस्थेबद्दल. वर्षातून एकदा स्पर्धा भरवणं हा उत्साह झाला. तो टिकवायला पावत्या फाडाव्या लागतात, हिशेब ठेवावे लागतात, दारोदार देणग्या मागाव्या लागतात. हे काम ब्रिटिश पॅराप्लेजिक स्पोर्ट्स सोसायटीने केलं. गुटमानांच्या सचिव जोन स्क्रूटन यांनी या कामाला आयुष्य दिलं. फोटोत त्या क्वचितच पुढे दिसतात, पण अशा बायांशिवाय कुठलीही संस्था उभी राहिलेली नाही. १९६१ मध्ये गुटमानांनी आणखी एक संघटना काढली. मणक्याच्या रुग्णांपलीकडच्या अपंगांनाही खेळायला मिळावं, हा तिचा हेतू होता. आणि १९६९ मध्ये लोकवर्गणीतून इस्पितळाला लागूनच स्टेडियम उभं राहिलं, मुळात अपंगांच्या खेळासाठीच बांधलेलं. उद्घाटनाला राणी एलिझाबेथ आली होती.

इस्पितळाला लागून, ही जागा फार महत्त्वाची आहे. वॉर्डातून निघालेल्या खुर्चीला तिथपर्यंत बस लागत नाही.

(पडद्यावर : पोहण्याचा तलाव. पाणी कापत जाणारे दोन हात.)

याच स्पर्धांच्या मालिकेत १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गला भारताचा एक जवान पाण्यात उतरला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा, सैन्यातला मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला. मुरलीकांत पेटकर. पोहणं त्यांना उपचार म्हणूनच सांगितलं गेलं होतं. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी विश्वविक्रमी वेळेत सुवर्ण घेतलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ४६ वर्षं! त्यांचं नाव आपल्या शाळांतून मुलांना सांगितलं गेलं असतं, तर किती घरांतल्या खुर्च्या अंगणापर्यंत आल्या असत्या, हा विचार मला अजून छळतो.

पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथेही व्हीलचेअर बास्केटबॉल हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. बीज तेच.

गुटमान मार्च १९८० मध्ये गेले. चारच वर्षांनी संस्थेची परीक्षा झाली. १९८४ च्या पॅरालिम्पिकमधल्या व्हीलचेअरच्या स्पर्धा अमेरिकेत इलिनॉयला व्हायच्या होत्या. पैसे जमले नाहीत म्हणून तिथल्या आयोजकांनी ऐनवेळी हात वर केले. हातात काही महिने होते. स्टोक मँडव्हिलने सांगितलं, इकडे या. ४१ देशांचे सुमारे ११०० खेळाडू तिथे खेळले.

(पडद्यावर : हातातून हातात जाणारी मशाल.)

सोसायटीचं नाव बदलत गेलं. ब्रिटिश व्हीलचेअर स्पोर्ट्स फाउंडेशन झालं, आता व्हीलपॉवर. स्टेडियम अजून तिच्याच मालकीचं आहे. पॅरालिम्पिकची ज्योत आता दर वेळी स्टोक मँडव्हिललाच पेटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती इथून समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला गेली. त्या पॅरिसच्या स्पर्धेत भारताने २९ पदकं मिळवली, त्यातलं गोळाफेकीतलं एक रौप्य आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीचं. पुन्हा सांगलीच.

पण मला वर्षातल्या एका वेगळ्या स्पर्धेपाशी थांबायचंय. तिथे मशाल नसते. देशोदेशीचे ध्वज नसतात. ब्रिटनमधल्या मणक्याच्या वॉर्डांमधले रुग्ण तिथे येतात. काहींना पडून काहीच महिने झालेले असतात. बरोबर त्यांच्याच वॉर्डातले फिजिओथेरपिस्ट असतात. कुणी आयुष्यात कधी खेळलेलं नसतं. काहीजण नाइलाजाने आलेले असतात, सगळ्यांबरोबर निघाले म्हणून निघाले.

खुर्चीचे ब्रेक लावले जातात. कमरेला पट्टा बांधला जातो. डाव्या हातात धनुष्य देतात, उजव्या हाताची बोटं दोरीवर कशी धरायची ते दाखवतात. हात थरथरतो. पहिला बाण लक्ष्यापर्यंत पोचत नाही.

मग दुसरा बाण मागून घेतला जातो.

(पडद्यावर : दोरी ताणलेली. दृश्य हळूहळू काळं होतं. बाण सुटल्याचा आवाज.)