कोणत्या तिथीला, कोणत्या ताशी?

श्रोतेहो, नमस्कार.

येशू ख्रिस्ताला शुक्रवारी वधस्तंभावर खिळले, याबद्दल नव्या करारातील चारही शुभवर्तमानांचे, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांचे, एकमत आहे. मात्र त्या दिवशी तिथी कोणती होती आणि दिवस किती वर आला होता, हे विचारले की मार्क एक उत्तर देतो आणि योहान दुसरे. मार्कच्या पंधराव्या अध्यायात वधस्तंभाची वेळ तिसरा तास, म्हणजे सकाळी नऊचा सुमार, अशी दिली आहे. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र सहाव्या ताशी, भर दुपारी, रोमी सुभेदार पिलात अजून न्यायासनावर बसलेला आहे आणि शिक्षेचा शेवटचा शब्द उच्चारला गेलेला नाही. ही तफावत हिशेबातली चूक समजून मिटवायची, की दोन्ही लेखकांना काळाच्या आधारे काही सांगायचे होते असे मानून ती वाचायची, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

त्यासाठी यहुदी दिनमान थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्या पंचांगात सूर्योदयाची तिथी ती त्या दिवसाची तिथी. यहुदी दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो. निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, उतरत्या दुपारी, यरुशलेमच्या मंदिरात वल्हांडणाची, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाची, कोकरे कापली जात आणि सूर्य मावळून पंधरावा दिवस लागला की ती घरोघरी खाल्ली जात. मार्कच्या कथनात येशूचे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. त्याच रात्री अटक होते आणि दुसऱ्या सकाळी, म्हणजे निसानच्या पंधराव्या दिवशी, वधस्तंभ. योहानाच्या कथनात ते भोजन सणाच्या आधीचे आहे. शुक्रवारी सकाळी येशूला पिलाताकडे नेणारे लोक विटाळ होऊ नये म्हणून वाड्यात पाऊल टाकत नाहीत, कारण त्यांचे वल्हांडणाचे भोजन अजून व्हायचे आहे. अर्थात येथे तिथी चौदावी आहे: कोकरे कापण्याचा दिवस.

योहानाच्या बाजूने पाहिले तर ही तिथी एकटी उभी नाही. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला देवाचा कोकरा म्हणतो. वधस्तंभाजवळ आंबट द्राक्षारसाचा बोळा एजोब नावाच्या झुडपाच्या काडीवर बसवून वर केला जातो, आणि बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावायला जी जुडी सांगितली आहे तीही एजोबाचीच. शिपाई येशूसोबत वधस्तंभावर खिळलेल्या इतर दोघांचे पाय मोडतात, पण येशूचे मोडत नाहीत, आणि वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये हा नियम त्याच बाराव्या अध्यायातला आहे. ही कल्पना योहानाची स्वतःचीही नव्हे. कितीतरी वर्षे आधी प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला आपले वल्हांडण म्हटले आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. दुपारी बाराला मंदिरात कोकरे कापायला सुरुवात होत असे, म्हणून पिलाताच्या निकालाची वेळ तंतोतंत जुळते, असे पुष्कळदा ठोकून दिले जाते. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस मात्र नववा ते अकरावा तास, म्हणजे साधारण तीन ते पाच, अशी वेळ देतो. तेव्हा दिवस जुळतो असे म्हणावे. तासाचा आग्रह धरू नये.

मार्कला कोकरापेक्षा प्रहरांत अधिक रस आहे. त्याच्या तेराव्या अध्यायाच्या अखेरीस येशू शिष्यांना जागे राहायला सांगतो, कारण घरधनी संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे येईल हे कोणालाच ठाऊक नाही. रात्रीचे हे चार प्रहर रोमी पहाऱ्याच्या रीतीचे आहेत. लगेच पुढच्या अध्यायांत तीच रात्र घडते: संध्याकाळी भोजन, मग गेथशेमानेत झोपी गेलेले शिष्य, कोंबडा आरवताना पेत्राचा नकार आणि पहाट होताच पिलाताकडे रवानगी. त्यानंतरचा दिवसही तीन-तीन तासांच्या टप्प्यांनी पुढे सरकतो: तिसऱ्या ताशी वधस्तंभ, सहाव्यापासून अंधार, नवव्या ताशी मृत्यू. त्या अंधाराला सूर्यग्रहण म्हणता येणार नाही, कारण वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येते आणि सूर्यग्रहणाला अमावास्या लागते. मार्कच्या कानात बहुधा आमोस संदेष्ट्याचे शब्द होते, ज्यात भर दुपारी सूर्य मावळतो आणि एकुलत्या एका मुलासाठी करावा तसा शोक होतो. वसईत, गोव्यात किंवा अन्यत्र गुड फ्रायडेची दुपारची उपासना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना बारा ते तीन या वेळेचे महत्त्व कोठून आले हे येथे कळेल.

हे दोन घड्याळे एकत्र जुळवण्याचे प्रयत्न जुने आहेत. काही नकलाकारांनी योहानातला सहावा तास खोडून तिसरा केला, आणि ग्रीक लिपीत तीन व सहा यांची चिन्हे एकमेकांसारखी दिसतात असे समर्थनही त्यासाठी पुढे आले. 1957 साली फ्रेंच अभ्यासक अ‍ॅनी जोबेर यांनी दोन वेगळ्या पंचांगांचा तर्क मांडला. तो हुशारीचा आहे, पण मला पटत नाही. कारण तो मान्य केला की दोन्ही लेखकांनी वेळ का सांगितली हा प्रश्नच उरत नाही.

योहानाकडे रात्रही अशीच अर्थ घेऊन येते. निकदेम नावाचा यहुदी पुढारी येशूकडे रात्री येतो, शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर भेटते, आणि येशूला धरून देणारा यहूदा शेवटच्या भोजनातून घास घेऊन बाहेर पडतो तेव्हा लेखक एवढेच म्हणतो की रात्र होती. निकदेम शेवटी दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन उजेडी येतो, तेव्हा हा पूर्वी रात्री आला होता याची योहान आठवण करून देतो. तरीही प्रत्येक तासाला अर्थ चिकटवू नये. पहिले शिष्य दहाव्या ताशी येशूकडे गेले, यात संत ऑगस्टीन यांना दहा आज्ञा दिसल्या. मला तेथे केवळ कोणाच्या तरी लक्षात राहिलेली दुपार दिसते.

दुसऱ्या शतकात हाच तिथीचा प्रश्न उपासनेत उतरला. आशिया मायनरमधील मंडळ्या वार कोणताही असो, निसानच्या चौदाव्या दिवशीच ख्रिस्ती वल्हांडणाचा सण (आजचा ईस्टर) पाळत आणि योहानाचा आधार सांगत. रोममध्ये रविवार धरला जाई. स्मुर्णेचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले, तेव्हा त्यांनी आणि रोमचे बिशप अनिसेटस यांनी एकमेकांचे मत बदलण्याचा प्रयत्न केला, ते जमले नाही, आणि अनिसेटस यांनी पाहुण्यालाच पवित्र भोजनविधी चालवायला दिला. इ. स. 190च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी चौदावा दिवस पाळणाऱ्यांना बहिष्कृत करायला घेतले, तेव्हा लियोंचे इरेनेयस यांनी पॉलिकार्पची ही भेट पत्रातून त्यांच्या नजरेस आणून दिली.